गार्ड खोक्यातच का राहतो? हातमशीन आणि चार्जर बनवणाऱ्यांना व विकणाऱ्यांना खुले पत्र

विजेवर आणि बॅटरीवर चालणारी हातमशीन बनवणाऱ्या कंपन्या, त्यांचे वितरक आणि काउंटरवर उभे राहून ती विकणारे दुकानदार, या सर्वांस,

स. न. वि. वि.

मी लोखंडाच्या फॅब्रिकेशनचे काम करतो. सव्वीस वर्षे झाली. गेट, ग्रिल, जिने, शेड. तुमच्या ग्राइंडरचा आवाज ऐकत माझी मुले मोठी झाली आणि त्याच ग्राइंडरच्या कमाईवर शिकली. तेव्हा हे पत्र परक्याने लिहिलेले नाही. पण गेल्या महिन्यात जे पाहिले, त्यानंतर गप्प बसवेना.

नवा अँगल ग्राइंडर घेतला, म्हणजे फिरत्या चकतीने लोखंड कापायचे आणि घासायचे हातमशीन, १२५ मिलिमीटर चकतीचे. खोके उघडले तर आत माहितीपुस्तिका नाही. तळहाताएवढ्या कार्डावर एक चौकोनी कोड आणि खाली एक ओळ, की सुरक्षेच्या सूचनांसाठी फोनने स्कॅन करा. पूर्वी निदान पुस्तिका यायची. ती पहिल्या पानापासून कुणी वाचत नसे हे मला मान्य आहे. पण ती मशीनच्या पेटीत पडून असायची, अडल्यानडल्याला उघडून चित्र तरी बघता यायचे. आता तीही गेली. दुकानदाराने ग्राइंडर चालवून दाखवला तो गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक झाकण, न लावता. गार्ड पुठ्ठ्याच्या कप्प्यात, पिशवीत बंद होता. बाजूची मूठही त्याच पिशवीत. मी विचारले, तर म्हणाला, "हा कुणी लावत नाही हो, कामात आडवा येतो."

तो माणूस वाईट नव्हता. त्याला जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने सांगितले. त्याला याहून जास्त कुणी सांगितलेच नाही, आणि ते सांगणे तुमचे काम होते.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकी का नाही, ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने अशाच १२५ च्या ग्राइंडरवर १८० मिलिमीटरची कटिंग चकती चढवली. लहान चकत्या संपल्या होत्या आणि एका चौकटीचे दोनच काप राहिले होते. मोठी चकती गार्डमध्ये मावेना, म्हणून त्याने गार्ड काढून ठेवला. दोन्ही चकत्यांचे मधले भोक सारखेच असते, २२.२३ मिलिमीटर. त्यामुळे ती नीट बसली, नटही घट्ट झाला. हाताला वेगळे काहीच जाणवले नाही.

त्या मशीनचा वेग मिनिटाला ११,००० फेरे. १२५ ची चकती त्या वेगाने फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ७२ मीटर जाते, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास. या चकत्या सहसा सेकंदाला ८० मीटरपर्यंतच्या कडेच्या वेगासाठी बनवलेल्या असतात. १८० ची चकती त्याच मशीनवर फिरली, की कड शंभरी ओलांडून १०३ मीटरवर जाते. आणि चकतीला आतून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मर्यादेच्या तीस टक्के वर गेला, की ताण जवळजवळ सत्तर टक्के वर जातो. हे गणित मला माझ्या मुलीने वहीत मांडून दाखवले, अपघातानंतर.

पहिला काप झाला. दुसऱ्याला चकती फुटली. एक तुकडा गालाचे हाड मोडून उजव्या डोळ्यात गेला. चष्मा होता, पण कपाळावर सरकवलेला. डोळा वाचला नाही. भाऊ आजही माझ्याबरोबर काम करतो. पाना बोल्टवर बसवताना त्याचा हात अजूनही दोन बोटे अलीकडे थांबतो, कारण एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही.

चूक त्याची होती. तो स्वतः तेच म्हणतो. पण ती चूक करायला त्याला चार-पाच मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात तुमच्या मशीनने, चकतीने किंवा खोक्याने त्याला कुठेही अडवले नाही. "कमाल ८,५०० फेरे" हे चकतीवर छापलेले होते. मुंगीएवढ्या अक्षरांत, काळ्यावर करड्या रंगात.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली पुस्तिकेची. ज्याच्या हातात मशीन असते, तो बहुतेक वेळा खोके उघडणारा नसतो. मशीन मालक घेतो, चालवतो हेल्पर. खोके पहिल्याच दिवशी फेकले जाते आणि त्याच्याबरोबर तुमचे कार्डही. फोनवर उघडणारी पुस्तिका तेलकट हातांनी, शेडच्या पत्र्याखाली, रेंज नसताना कोण उघडणार? आणि उघडली तरी त्याला वाचता येणारी भाषा तिच्यात नसते. कागद वाचतो म्हणून हा निर्णय घेतला असेल, तर तो कागद कुणाच्या वाट्याचा होता याचा विचार व्हायला हवा होता.

दुसरी गार्डची. गार्ड का काढला जातो हे तुम्हाला आमच्याइतकेच माहीत आहे. कोपऱ्यात शिरायचे असेल तर तो फिरवावा लागतो, आणि साध्या मशीनवर तो फिरवायला स्क्रू ढिला करून पुन्हा आवळावा लागतो. दिवसातून वीस वेळा हे कुणी करत नाही. एकदा काढतो, तो कायमचाच. हाताने खटका दाबून फिरणारा गार्ड तुम्ही बनवता, मी तो पाहिलाय, पण तो महागड्या मॉडेलवर. म्हणजे सोय असलेल्याच्या डोळ्याला संरक्षण, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या डोळ्याला स्क्रू. लाकूडकाम करणारे मित्र सांगतात, की गोल करवतीचा खालचा गार्ड आपोआप बंद होतो, म्हणून लोक त्यात लाकडाची फाचर अडकवून तो उघडा ठेवतात. लोक असे का करतात, हे कारखान्यातून बाहेर पडून एक दिवस बघितले तरी कळेल. गार्ड अडखळत असेल, भुशाने चिकटत असेल, तर तो सुधारणे तुमच्याच हातात आहे.

तिसरी तक्रार खटक्याची, आणि इथे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. १९१७ साली ब्लॅक अँड डेकर या कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळाले. त्या रचनेतली मोठी गोष्ट कोणती? बोट सुटले की मशीन थांबते. माणूस घसरला, झटका बसला, चक्कर आली, तरी मशीन थांबते. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आजच्या कित्येक स्वस्त ग्राइंडरवर नाही. तिथे पुढे सरकवून अडकवायचा खटका असतो. हात सुटला तरी चकती फिरतच राहते आणि मशीन जमिनीवर नाचते.

त्यात वीज जाऊन परत येण्याची भर घाला. चकती कापात अडकलेली असते, वीज जाते, माणूस मशीन तसेच ठेवून बाजूला होतो. खटका चालूच असतो. वीज येते आणि कुणी हातही न लावता ग्राइंडर उसळतो. खटका बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय मशीन सुरूच होऊ नये, अशी सोय तुमच्या वरच्या मॉडेलमध्ये असते. ती खालच्या मॉडेलमध्येही हवी. चकती कापात चिमटली की मशीन मागे उसळते, ते उलट कामगाराच्या अंगावर येते. बाजूची मूठ धरलेली असली, दोन्ही हात मशीनवर असले आणि उभे राहणे चकतीच्या रेषेत नसले, तरच ते आवरते. ती मूठ पिशवीतून बाहेर काढून बसवून दाखवायला काउंटरवर अर्धा मिनिट लागतो.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर ते दुहेरी इन्सुलेशनचे असते आणि त्याला अर्थिंगची तार लागत नाही. चिन्ह नसेल तर लागते, आणि मग प्लगची तिसरी पिन मोडून टाकणे म्हणजे कामगाराला वायरला बांधून ठेवणे. ही एक गोष्ट चित्रासह वायरवरच्या चिठ्ठीवर छापली, तरी पुरे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय ओल्या जागी मशीन चालवू नका, हेही तिथेच छापा. आणि एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडा, हेही. गुंडाळलेली वायर जोराच्या कामात तापते आणि आवरण वितळू लागते.

आता चार्जर. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण चकती धोकादायक आहे हे निदान दिसते. बॅटरीचा धोका दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ड्रिलचा चार्जर बंद पडला. कंपनीचा सुटा चार्जर कुठेही मिळेना. शेवटी एका दुकानातून "हाच चालतो" म्हणून दुसरा आणला. व्होल्ट जुळत होते, खाचही जुळली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बॅटरीचा पॅक फुगला, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि पांढरा दाट धूर निघू लागला. मग ज्वाळा. मी सगळ्यांना बाहेर काढले आणि मेन स्विच पाडला. टेबल जळाले, भिंत काळी झाली. दुपार होती आणि दार उघडे होते, म्हणून कुणाला काही झाले नाही. तोच पॅक रात्री पोटमाळ्याखाली चार्जिंगला लावलेला असता, तर हे पत्र लिहायला मी असतो की नाही, सांगता येत नाही. आमचा हेल्पर त्याच पोटमाळ्यावर झोपायचा.

नंतर मी समजून घेतले ते असे. पॅकमधला प्रत्येक लिथियम-आयन सेल नाममात्र ३.६ व्होल्टचा असतो आणि भरला की ४.२ वर थांबावाच लागतो. पाच सेल ओळीने जोडले की नाममात्र १८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून तशाच पॅकवर कुणी १८ लिहितो, कुणी २०, कुणी २१. आणि गिऱ्हाइकाला वाटते, की जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद. मूळ चार्जर पॅकमधल्या तापमानाच्या जोडणीकडेही लक्ष ठेवतो. पॅक तापला की थांबतो. माझ्या त्या चार्जरला दोनच टोके होती, अधिक आणि उणे. पॅक किती तापलाय, हे कळायची त्याला सोयच नव्हती. सेलच्या आत दोन थरांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा सुमारे १३० अंशांना वितळू लागतो. तो गेला की आतच शॉर्ट होतो, उष्णता वाढते, त्या उष्णतेने शेजारचा सेल जातो. आतला द्रव ज्वालाग्राही असतो आणि धूर विषारी. आग विझली असे वाटल्यावर काही तासांनीही ती पुन्हा पेट घेऊ शकते. म्हणून जळलेला पॅक लगेच घरात किंवा गाडीत आणायचा नसतो. हे मला माहीत नव्हते, आणि खोक्यावरही नव्हते.

चुकीचा चार्जर लावण्याची दुसरी तऱ्हा त्याहून घातक आहे. गाडीच्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर चार्जिंग करताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन लिथियम सेलच्या पॅकवरही कित्येकदा "१२ व्होल्ट" असेच लिहिलेले असते, पण तो १२.६ वर थांबला पाहिजे. त्याला गाडीचा चार्जर लावला, तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात. आकडा एकच, रसायन वेगळे. मग "१२ व्होल्ट" एवढेच लिहून हा चार्जर विकायला तुमचे मन कसे धजते?

शिसे-आम्लाच्या चार्जरचे धोकेही वेगळे आहेत. चार्जिंग होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीने भडकतो. म्हणून आधी चिमटे लावायचे, मग चार्जर चालू करायचा; काढताना आधी चार्जर बंद, मग चिमटे. खिडकी उघडी हवी. चिमटे काढतानाची ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशी पडते. चार्जरच्या वायरवर हा क्रम चार चित्रांत छापायला कितीशी जागा लागते?

लोक एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या मशीनला मधला तुकडा लावून जोडतात, हेही तुम्हाला माहीत आहे. काही मशीनमध्ये पॅक रिकामा झाल्यावर थांबवणारे सर्किट पॅकमध्ये नसते, मशीनमध्ये असते. मधला तुकडा लावला की ते मध्ये येतच नाही. सेल गरजेपेक्षा खूप खाली उतरतो, आतले तांबे विरघळू लागते, आणि पुढच्या चार्जिंगला त्याच तांब्यामुळे शॉर्ट होऊ शकतो. पॅक आज ठीक दिसतो आणि परवा पेटतो. लोक असे का करतात? प्रत्येक कंपनीचा पॅक वेगळा, प्रत्येकाचा चार्जर वेगळा, आणि जुन्या मॉडेलचा चार्जर काही वर्षांनी मिळेनासा होतो. आमच्याकडे एका ड्रिलसाठी चार्जर मिळाला असता, तर आमचे टेबल जळाले नसते.

शेवटची तक्रार जाहिरातींची. तुमच्या जाहिरातींतला माणूस एका हाताने ग्राइंडर धरतो, ठिणग्या उडतात, डोळ्यांवर काही नसते, बाही सुटलेली असते. कामाला नवीन लागलेली पोरे तेच बघून शिकतात. पुस्तिका कुणी बघत नाही, जाहिरात सगळे बघतात. ड्रिल प्रेसवर, म्हणजे स्टँडवर बसवलेल्या उभ्या ड्रिलवर, हातमोजे घालून उभा असलेला माणूसही मी एका जाहिरातीत पाहिला आहे. फिरणाऱ्या बिटजवळ हातमोजे घालायचे नसतात, कारण धागा अडकला की हात ओढला जातो. ग्राइंडर आणि ड्रिल प्रेस यांचे नियम वेगळे आहेत, हे जाहिरात बनवणाऱ्याला सांगायला तुमच्याकडे कुणीतरी असायला हवे.

मागण्या अशा.

मशीनसोबत, जिथे ते विकले जाते तिथल्या लोकांच्या भाषेत, चार पानी छापील चित्रपुस्तिका परत द्या. शंभर पानांची नको, चार पानांची. आणि मशीनच्या अंगावरच, पुसला जाणार नाही असा मोठा छाप हवा: कमाल चकती एवढी, फेरे एवढे. चकत्या बनवणाऱ्यांनी कमाल फेऱ्यांचा आकडा तितक्याच ठळकपणे छापावा. आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचा जो महिना व वर्ष असते, ते डोळ्यांना दिसेल एवढे मोठे करावे. रेझिनच्या चकतीलाही मुदत असते, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही.

स्क्रूशिवाय फिरणारा गार्ड, बोट सुटले की थांबणारा खटका आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय या तिन्ही गोष्टी सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये द्या. मशीनची किंमत वाढेल, हे मला कळते. ती मी देईन, आणि माझ्यासारखे अनेकजण देतील, पण आधी तसे मशीन पर्याय म्हणून आमच्यासमोर आले पाहिजे. सुटा गार्ड आणि सुटी मूठ चकत्यांच्या शेजारीच विकायला ठेवा. गार्ड तुटला म्हणून नवे मशीन कुणी घेत नाही.

प्रत्येक चार्जरवर लिहा: कोणत्या रसायनाच्या बॅटरीसाठी, किती सेलसाठी, कोणत्या तापमानात. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज करायचा नसतो आणि कामातून नुकताच काढलेला गरम पॅकही लगेच लावायचा नसतो, हे त्याच पट्टीवर मावते. एखादे मॉडेल बंद केलेत, तरी त्याचे पॅक वापरात असेपर्यंत चार्जर मिळत राहावा. पॅकच्या टोकांना झाकण द्या. आमच्या पेटीत पॅक खिळ्यांशेजारी पडलेला असतो. फुगलेले, पडून चेपलेले, निकामी पॅक परत घेण्याची सोय प्रत्येक विक्रेत्याकडे हवी. आज ते आम्ही भंगारात टाकतो, आणि भंगारात ते पेटले की तिथे काम करणारा माणूस भाजतो.

दुकानदारांना माझी वेगळी विनंती. गार्ड आणि मूठ काउंटरवरच बसवून मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्या. चष्मा मशीनसोबत विका, आणि तो कपाळावर घालायचा नाही हे तोंडाने सांगा. "कुणी लावत नाही" हे वाक्य आजपासून दुकानात बोलू नका. कारण नवख्या पोराच्या लक्षात सूचनांपैकी काहीच राहत नाही. ते एक वाक्य मात्र राहते.

माझ्या भावाने आता आमच्या प्रत्येक ग्राइंडरवर पांढऱ्या रंगाने चकतीचा आकार आणि कमाल फेरे लिहून ठेवले आहेत, बोटभर उंचीच्या अक्षरांत. चार्जर सिमेंटच्या ओट्यावर आलाय, आजूबाजूला हातभर काही ठेवलेले नाही, आणि रात्री तो बंद असतो. हे आम्ही आमच्या शेडमध्ये करू शकलो. तुमच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक खोक्यात ते तुम्हीच करू शकता. पुढच्या वर्षी जे मशीन बाजारात आणाल, त्याच्या खोक्यात यांपैकी काय असेल आणि काय नसेल, एवढे जाहीरपणे लिहून कळवा.

आपला,
एक फॅब्रिकेटर